बहुधा

नोव्हेंबरातल्या वादळाने
कर्बी स्टीफनची वीज नेली, अडीच दिवस.
माझ्या औषधांच्या दुकानात काउंटरखाली
एक यूपीएस बसलेला होता,
चार वर्षं हिरवा दिवा लावून म्हणत होता, आहे मी.
अकरा मिनिटं होता.

बाहेर दोन अंश. आत, हीटर बंद, म्हणून पाच.
म्हणजे इन्शुलिन बिघडलं नसेलच, बहुधा.
पण तापमान टिपणारं यंत्रही त्याच प्लगवर,
ते शुक्रवारी रात्री नऊ चाळीसला
लिहायचं थांबलं.
आता "बहुधा"च्या भरवशावर
कोणाच्या पोटात सुई टोचायला सांगू?
एकेक पेटी वहीत मांडली, निळ्या पिंपात टाकली.
टाकताना प्रत्येक
हाताला गार लागत होती.

मग माहितीपत्रकं आली.
कार्लाइलहून एक तरुण आला, बूट चकचकीत,
म्हणाला, पंधराशे व्हीए.
म्हटलं, वॅट किती?
त्याने पान उलटलं.
म्हटलं, फ्रीज सुरू होताना सहापट ओढतो, तेव्हा?
त्याने आणखी एक पान उलटलं, त्यावर
एक हसरं कुटुंब होतं.

नॉर्मन पोस्टलथ्वेट माझ्यापासून चार घरं खाली राहतो.
तीस वर्षं त्याने एका डेअरीचा जनरेटर सांभाळला.
गायींना वादळ सांगून कळत नाही, म्हणतो.
त्याने माझी जुनी बॅटरी बाकावर ठेवली, मीटर लावला.
बारा पॉइंट सहा.
"बघा, ठणठणीत," मी.
तो काही बोलला नाही. गाडीचा एक दिवा जोडला.
अकरा. नऊ. सात.
दिव्याची तार लाल झाली, तपकिरी झाली,
आणि नॉर्मन जे काही पुटपुटला
ते मला मराठीतच ऐकू आलं:
ओझ्याशिवाय सगळेच पैलवान.

रात्री अकोल्याला फोन.
बाबा रविवारी इन्व्हर्टरच्या बॅटरीत
डिस्टिल्ड वॉटर भरायचे, टॉर्च दातांत धरून,
आणि त्यांच्या सगळ्या पायजम्यांना गुडघ्याशी
आम्लाची बारीक भोकं.
आम्हाला लाज वाटायची त्या भोकांची.
मी त्यांना शिसं सांगितलं, लिथियम सांगितलं, दोन्हींचे भाव सांगितले.
ते म्हणाले, किती तास चालते ते सगळेच सांगतील गं.
बंद पडली तर कोण येईल,
आणि किती वाजता, ते विचार.

तर मी लोह-फॉस्फेटची घेतली, महाग,
नॉर्मनला उघडता येईल अशी.
तिच्यावर फक्त फ्रीज.
दिवे नाहीत, गल्ला नाही, किटली तर नाहीच,
किटलीनेच मागच्या वेळी
अकरापैकी चार मिनिटं खाल्ली होती
(मीच लावली होती. कोणाला सांगितलेलं नाही.)
आणि टिपणाऱ्या यंत्राला
त्याचे स्वतःचे दोन पेन्सिल सेल,
दीड पौंडाचे.
हजारोंच्या मालाची साक्ष
आता त्या दोन बोटांएवढ्या सेलांकडे.

बॅटरीवर मार्करने तारीख घातली, मराठी आकड्यांत.
नॉर्मनने विचारलं, हे काय?
म्हटलं, वडिलांची सवय.
त्याने आपल्या घड्याळाच्या मागे
तशीच एक तारीख खरवडलेली दाखवली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी,
मी मेन स्विच खाली ओढते.
रस्त्यावर दिवे, समोर चिप्सचं दुकान उजळलेलं,
फक्त माझंच दुकान काळोखात.
स्टुलावर बसून ऐकते.
फ्रीज एकदा अडखळतो, मग गुणगुणायला लागतो.
छोट्या काचेत आकडा: चार पॉइंट सहा.

गेल्या खेपेला मिसेस आयरडेल थांबल्या,
दोन्ही हातांचा आडोसा करून काचेतून बघत राहिल्या.
त्यांची पेटी आत आहे, वरून दुसरा कप्पा.
दार किलकिलं करून विचारलं,
"गेली का गं वीज?"
"नाही," म्हटलं, "मीच घालवली."
त्या जरा घुटमळल्या,
मग आत आल्या, दार लावून घेतलं,
आणि दुसऱ्या स्टुलावर बसल्या, ऐकत.